श्वान तिथेच घुटमळले

मराठी वर्तमानपत्रांच्या गुन्हेवृत्तात एक वाक्य वर्षानुवर्षं जवळजवळ जसंच्या तसं छापलं जातं. घरफोडी होते, पोलीस येतात, ठसेतज्ज्ञ येतात, श्वानपथकाला पाचारण केलं जातं, आणि मग ते वाक्य येतं: श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग दाखवला व ते तिथेच घुटमळले. बातमी तिथं संपते. वाचणारा पान उलटताना मनात म्हणतो, म्हणजे हाती काही लागलं नाही.

मला हे वाक्य गुन्हेवृत्तातलं सर्वांत अर्थपूर्ण वाक्य वाटतं. ‘माग दाखवला’ एवढ्यात एका प्राण्याचं अतिशय बारीक आणि शिस्तीचं काम सामावलेलं असतं, आणि ‘घुटमळले’ म्हणताना त्या कामाचा कळस गाठलेला असतो. माणसाच्या पायांचा वास जमिनीवर कुठपर्यंत होता आणि कुठून पुढे नव्हता, ती सीमारेषा कुत्र्याने आपल्या शरीराने दाखवून दिलेली असते. शोध घेणाऱ्या कुत्र्याचं ‘आहे’ कुणालाही कळतं. त्याचं ‘नाही’ ज्याला वाचता येतं तोच खरा वाचक, असं माझं म्हणणं आहे, आणि या लेखात त्या ‘नाही’चं रसग्रहण करायचं आहे.

त्यासाठी नवी मुंबईतल्या कळंबोलीसारखी जागा नाही. सायन-पनवेल महामार्ग, मुंब्र्याकडून येणारा रस्ता, जेएनपीटी बंदराकडे जाणारा रस्ता आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं तोंड हे सगळे कळंबोली सर्कलपाशी एकत्र येतात. लोखंड बाजारातले ट्रेलर रात्रंदिवस चालू असतात. सिडकोच्या कुठल्याही सेक्टरातून निघालेला माणूस थोड्याच वेळात वाहत्या रस्त्याला लागतो. इथं पायी आलेला माणूस चाकांवर बसून जातो. पायी चालण्याचा जो तुकडा जमिनीवर उरतो, तेवढाच कुत्र्याच्या वाट्याला येतो.

वाचनाची सुरुवात नाकापासून करावी लागते. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी 50-60 लाखांच्या आसपास असतात. कुत्र्याच्या नाकात त्या 20 कोटींच्या घरात जातात. पण संख्येपेक्षा रचना अधिक सुंदर आहे. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला चिरा असतात. श्वास आत येतो समोरून आणि बाहेर जातो त्या चिरांमधून, मागच्या दिशेला, त्यामुळे हुंगायची जागा फुंकरीने विस्कटत नाही. आत घेतलेल्या हवेचाही एक वाटा, 2010 सालच्या एका अभ्यासानुसार साधारण आठवा हिस्सा, फुप्फुसाकडे न जाता वेगळ्या वाटेने नाकाच्या मागच्या गंधकक्षात जातो.

या नाकाबरोबर शरीर कसं वागतं हे ऑस्लो विद्यापीठातल्या तीन शास्त्रज्ञांनी 1993 साली फार नेटकेपणाने मांडलं. त्यांनी चार जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या हुंगण्याचा आवाज टिपला आणि त्यांच्या हालचालींचं चित्रण केलं. माग आडवा ओलांडायला लावून कुत्र्यांना दिशा ठरवायला सांगितली. त्यांना कामाचे तीन टप्पे स्पष्ट दिसले. पहिला शोधाचा, यात कुत्रा भरभर फिरतो. दुसरा निर्णयाचा, यात तो एकाएकी मंदावतो आणि तीन ते पाच सेकंदांत दोन ते पाच पाऊलखुणा हुंगून माणूस कोणत्या बाजूला गेला ते ठरवतो. तिसरा मागावरून चालण्याचा. हुंगण्याचा ठेका मात्र तिन्ही टप्प्यांत सारखाच होता, सेकंदाला सुमारे सहा वेळा. पुढे 2005 साली बेलफास्टच्या संशोधकांनी दाखवलं की दिशा कळायला कुत्र्याला सलग पाच पावलं पुरतात, तीन पुरत नाहीत. एका पावलाचा वास आणि पुढच्या पावलाचा वास यांत जो इवलासा फरक काळाने पडतो, तो पाच पावलांत साठतो आणि कुत्र्याला वाचता येतो.

दुसरा टप्पा मला विलक्षण वाटतो. सुईत दोरा ओवताना माणूस जसा सगळं अंग स्थिर करतो, तसा कुत्रा त्या तीन-चार सेकंदांत बाकीचं शरीर गप्प करतो. मान लांबते, शेपटी जिथं असेल तिथं थांबते, पुढचा एक पाय कधी कधी अर्धवट उचललेलाच राहतो. बघ्याला वाटतं, कुत्रा अडला. त्या क्षणी तो या सगळ्या कामातला सर्वांत मोठा निर्णय घेत असतो.

आता एक सरावाचा माग डोळ्यांसमोर आणू. पावसाळा नुकताच सरला आहे, मोकळ्या भूखंडावर गुडघाभर गवत आहे, सकाळची वेळ आहे आणि दव सुकायचं आहे. एक माणूस या गवतातून चालून गेला आहे. सुरुवातीच्या जागी त्याने आपला वापरलेला रुमाल टाकला. तिथून तो सरळ गेला, मग काटकोनात उजवीकडे वळला, लोकांच्या रोजच्या पायवाटेला छेद देऊन नाल्याच्या काठाने चालला आणि डांबरी रस्त्याला लागून एका मोटारसायकलवर बसून निघून गेला. वीस मिनिटांनी श्वान हस्तक कुत्र्याला घेऊन येतो. कुत्र्याच्या अंगावर हार्नेस आहे, मागे लांब दोर आहे. हस्तकाला माग कुठून गेला ते सांगितलेलं नाही. हे न सांगणं फार महत्त्वाचं आहे. त्याकडे पुढे येईनच.

रुमालापाशी कुत्र्याला वास दिला जातो. चांगला हस्तक इथं घाई करत नाही. वास देणं म्हणजे या कामातलं वाचन कुत्र्याच्या हाती सोपवणं असतं: जगातल्या सगळ्या वासांतून हा एकच. अंगावरून उतरलेलं कापड त्यासाठी उत्तम. 2023च्या नोव्हेंबरमध्ये पवईतून हरवलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा माग मुंबई पोलिसांच्या लिओ या डॉबरमनने काढला, तो मुलाने खेळायला जाताना काढून ठेवलेल्या टी-शर्टच्या वासावरून. कुत्र्याने वास ‘घेतला’ की नाही हे तोंडावरून कळतं. उघडं तोंड मिटतं. धाप थांबते. कान पुढून किंचित बाजूला आणि मागे जातात, कारण आता ऐकण्याचं काम नाही. जबडा मिटल्याशिवाय नाक पूर्ण कामाला लागत नाही; धापा टाकणं आणि बारकाईने हुंगणं ही दोन्ही कामं एकाच वेळी नीट होत नाहीत. उन्हाळ्यात दुपारच्या शोधात कुत्रा का कमी पडतो, याचं मोठं कारण हेच आहे.

मग तो चालू लागतो आणि सरळ रेषेवर त्याचा ठेका लागतो. जाणता हस्तक हा ठेका डोळ्यांइतकाच हातांनी वाचतो. दोराला एकसारखा ताण असतो, झटके नसतात. पाठीची रेषा मानेपासून कमरेपर्यंत जवळजवळ आडवी राहते. शेपटी ज्याची जशी सवय असेल तशी, पण सारख्या लयीत हलते. कान लावला तर हुंगण्याचे छोटे छोटे आवाज ऐकू येतात. हा कुत्र्याचा स्थायीभाव आहे. पुढे येणारा प्रत्येक अर्थ या ठेक्यात पडलेल्या फरकातून कळणार आहे, म्हणून हा सरळ भाग कंटाळवाणा मानून नजर हलवू नये.

इथंच एक गोष्ट सांगायला हवी. कुत्र्यांच्या देहबोलीचा सर्वांना लागू पडणारा शब्दकोश नसतो. लॅब्रॅडोर शेपटीने फार बोलतो, तो आनंदातही शेपूट हलवतो आणि गोंधळातही. ज्या डॉबरमनची शेपटी लहानपणीच कापलेली असते त्याचं वाचन कमरेवरून, कानांच्या मुळावरून आणि मानेच्या उंचीवरून करावं लागतं. बेल्जियन मॅलिनॉय इतका चपळ असतो की त्याचा निर्णयाचा टप्पा डोळ्याला निसटतो. दोराच्या ताणात पडलेली एक क्षणाची ढील तेवढी जाणवते. म्हणून पथकात कुत्रा आणि त्याचा हस्तक यांची जोडी कायमची ठेवतात. दोघं एकत्र प्रशिक्षण घेतात, रोज एकत्र फिरतात. हा कुत्रा मांजर दिसल्यावर कसा ताठरतो, भूक लागल्यावर कसा चालतो, दमल्यावर डोकं किती खाली पाडतो, हे ज्याला अंगवळणी पडलेलं आहे त्यालाच आजचं वेगळेपण कळतं.

आपल्या मागावर कुत्रा मध्येच पावलांच्या रेषेपासून दोन-तीन फूट डावीकडे सरकतो आणि तिथून समांतर चालू लागतो. नवखा बघ्या म्हणेल, चुकला. पण पनवेलच्या खाडीकडून वारा येतो आहे. माणूस चालताना जमीन तर दाबतोच, गवत चिरडतो, माती उलटतो. शिवाय त्याच्या अंगावरून त्वचेचे सूक्ष्म कण सतत गळत असतात आणि वाऱ्याबरोबर बाजूला जाऊन गवताच्या मुळाशी बसतात. कुत्रा त्या कणांच्या पट्ट्यावरून चालला आहे. शरीराची लय तीच आहे, दोराचा ताण तोच आहे, तोंड मिटलेलं आहे, म्हणजे तो मागावरच आहे. हस्तकाने त्याला ‘सरळ’ करायला ओढलं, तर तो कुत्र्याच्या नाकापेक्षा आपल्या डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतो आहे असा त्याचा अर्थ होईल.

पायवाट येते. तिच्यावरून रोज शेकडो माणसं जातात, भटकी कुत्रीही जातात. आपला कुत्रा एका झुडपापाशी थांबतो. नाक एकाच जागी रुतून बसतं, हुंगणं खोल आणि लांब होतं, शेपटी वर उचलली जाते, मानेवरचे केस थोडे उभे राहतात. दुसऱ्या कुत्र्याने सोडलेला हा निरोप आहे. दिसायला ही एकाग्रता मागावरच्या एकाग्रतेहून जास्त वाटते आणि म्हणूनच ती फसवते. मागावरचं नाक पुढे सरकत राहतं. कुतूहलातलं नाक एका जागी मुक्काम करतं. हस्तक गप्प उभा राहतो किंवा हळूच कामाची आठवण देतो, आणि कुत्रा पायवाट ओलांडून पलीकडच्या गवतात पुन्हा ठेका धरतो. शेकडो माणसांच्या वासातून एकाचाच वास वेगळा काढून तो पलीकडे गेला, याचं आश्चर्य मला जाणूनबुजून ताजं ठेवावंसं वाटतं.

या क्षमतेचा सर्वांत देखणा प्रयोग 1887 साली जॉर्ज रोमानिस या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. तो स्वतः पुढे चालला आणि त्याच्यामागे अकरा माणसं एकामागे एक, आधीच्याच्या पावलावर पाऊल टाकत चालली. दोनशे यार्डांवर तो पाच जणांसह उजवीकडे वळला, उरलेले डावीकडे गेले. मग त्याच्या कुत्रीला मागावर सोडलं. अकरा जणांनी तुडवलेल्या पावलांतून तिने आपल्या धन्याचा वास धरला आणि ती वेगाने फाट्यापाशी आली. तिथं ती आधी फाटा ओलांडून पुढे गेली, लगेच परतली आणि मग जराही न डगमगता उजवी वाट धरली.

‘आधी पुढे गेली’ हा तपशील रोमानिसने गाळला नाही, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो. कारण आपल्या गवतातल्या मागावरही काटकोनात वळताना नेमकं हेच घडलं होतं. कुत्रा वळणावर वळला नव्हता. तो दोन-तीन अंगलांबी पुढे गेला, मग डोकं वर आलं. शेपटीची लय तुटली. दोरातला ताण गेला. हुंगण्याचा आवाज क्षणभर थांबला. हे सगळं मिळून एक सेकंदही नसेल. कवितेतल्या यतीसारखा हा विराम आहे: सगळी ओळ इथंच तोलली जाते. कुत्रा सांगतो आहे, ‘आतापर्यंत होतं, आता नाही.’ वळण दिसतं ते या ‘नाही’मुळे. कुत्रा पुढे न जाता अचूक वळला असता, तर बघणाऱ्याला वळण कळलंच नसतं.

हस्तकाची सगळी परीक्षा त्या एका सेकंदात असते. डोकं वर येताच त्याने आपली पावलं जागच्या जागी थांबवायची असतात. तो चालत राहिला तर कुत्र्याला वाटतं, धनी पुढे येतो आहे म्हणजे पुढेच काही असेल, आणि तो धन्याचं मन राखायला पुढे जात राहतो. थांबलेला हस्तक एक जागा मनात घट्ट ठेवतो: कुत्र्याला शेवटची खात्री जिथं होती ती. कुत्रा अर्धवर्तुळ घेतो, ताज्या मागाला आडवा जातो, आणि मान अशी झटकन वळते की बघणाऱ्याच्याही अंगातून लहर जावी. तीन-चार सेकंदांची संथ पावलं. मग दोर पुन्हा ताणला जातो.

नाल्याच्या काठाशी वेगळाच पेच आहे. थंड, दमट हवेत वास सखल भागात साचतो. इथं कुत्रा उत्तेजित होतो, वेग वाढतो, नाक कधी खाली, कधी वर, शेपटी जोरात. त्याला वास सगळीकडेच येतो आहे आणि दिशा मात्र कुठेच नाही. शेवटी रस्ता. गवतातून डांबरावर येताच चाल मंदावते, कारण कठीण पृष्ठभाग वास फार काळ धरत नाही. ऑस्लोच्या अभ्यासातही गवतावरचे माग वीस मिनिटांचे होते, काँक्रीटवरचे मात्र तीनच मिनिटांचे. त्यात ट्रकच्या मागून येणारा वाऱ्याचा झोत उरलेसुरले कण उडवून कडेला, दगडी कठड्याच्या कोपऱ्यात नेऊन टाकतो. कुत्रा कडेकडेने जातो, थांबतो, गोल फिरतो. तो घुटमळतो.

बातमीतल्या वाक्याचा हा क्षण. बातमीत घुटमळणं एकच असतं. जमिनीवर मी ते चार तऱ्हांचं मानतो.

पहिलं वळणावरचं. ते छोटं असतं, उत्साही असतं, कुत्रा अर्धवर्तुळ घेऊन परततो आणि लवकरच सुटतो. दुसरं साचलेल्या वासाचं. त्यात शरीर हरवलेलं नसतं, ते भारलेलं असतं. ‘नाही’ असं कुठेच नसतं, उलट फार ‘आहे’ असतं. हस्तकाने त्याला त्या खड्ड्यातून बाहेर काढून कडेने फिरवलं की दिशा सापडते. तिसरं वासाशी संबंधच नसलेलं. ट्रकचा भोंगा, तापलेलं डांबर, भोवती जमलेली गर्दी, हस्तकाच्या आवाजातली चीड यांनी कुत्रा अवघडतो. मग तो जांभई देतो, ओठ चाटतो, अंग झटकतो, गवताचं एखादं पातं उगाच हुंगत राहतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक ट्यूरिड रुगास यांनी अशा खुणा निरखून त्यांना ताण निवळवण्याच्या खुणा म्हटलं आहे. या हुंगण्याला कामाचं हुंगणं समजलं तर पुढचं सगळं वाचन चुकतं.

चौथं घुटमळणं संपलेल्या मागाचं. कुत्रा वर्तुळ घेतो आणि त्याच जागी परततो. दुसरं वर्तुळ मोठं घेतो, पुन्हा त्याच जागी येतो. प्रत्येक वेळी परतीची जागा एकच असते आणि ती तो नाकाने ठोकून दाखवतो. मग नाक वर जातं, वाऱ्यात काही आहे का ते बघतं. तोंड उघडतं, धाप सुरू होते. आणि तो हस्तकाकडे बघतो. या बघण्यात प्रश्न नसतो. त्याच्या बाजूने उत्तर देऊन झालेलं असतं. जाणकार हस्तक तरीही त्याला रस्त्याच्या पलीकडे नेतो, दोन्ही कडांनी काही अंतर चालवतो. कुठेच ठेका लागला नाही, तर माणूस इथून पायी गेलेला नाही. तो वाहनात बसला, आणि या जागी बसला.

कळंबोलीत या एका निष्कर्षाची किंमत केवढी आहे! कुत्रा पुण्याकडे जाणाऱ्या कडेला घुटमळला की सायनकडे जाणाऱ्या, यावरून पुढचे कॅमेरे ठरतात. कुठल्या दुकानाचं चित्रीकरण आधी बघायचं, कुठल्या टोलनाक्याकडे विचारणा करायची, वाहन तिथं किती वेळ उभं असेल, कोणी पाहिलं असेल, हे सगळं त्या एका जागेवरून सुरू होतं.

पण हे वाचन करतो तो माणूस, आणि माणसाचं मन या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2011 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा कुत्रे, अठरा हस्तक. अमली पदार्थ किंवा स्फोटकं शोधण्याचं काम. हस्तकांना सांगितलं की काही ठिकाणी लाल कागद लावला आहे, तिथं वास ठेवलेला असू शकतो. प्रत्यक्षात कुठेच काही ठेवलेलं नव्हतं. 144 शोधांपैकी फक्त 21 शोधांत ‘इथं काही नाही’ असं बरोबर उत्तर आलं. एकूण 225 वेळा ‘सापडलं’ असं सांगितलं गेलं, आणि लाल कागदाच्या जागांवर हे प्रमाण विशेष होतं. कुत्र्यांना मोहात पाडायला काही ठिकाणी सॉसेज आणि चेंडू लपवले होते, पण त्यांच्यापेक्षा हस्तकाच्या मनातल्या अपेक्षेचा परिणाम जास्त दिसला. कुत्र्याला आपल्या माणसाचा खांदा वळलेला कळतो, थबकलेलं पाऊल कळतं, रोखलेला श्वास कळतो.

सरावात हस्तकाला माग कुठून गेला ते सांगत नाहीत, त्याचं कारण हे आहे. ज्याला उत्तर माहीत असतं तो कुत्र्याला नकळत उत्तर सांगतो आणि मग तेच उत्तर त्याच्याकडून ऐकतो. चांगला हस्तक म्हणजे आपली इच्छा दोरातून खाली उतरू न देणारा माणूस. वरिष्ठ उभे आहेत, रडणारी घरमालकीण उभी आहे, वार्ताहर मोबाइल रोखून आहेत, आणि सगळ्यांना ‘सापडलं’ हवं आहे. तेव्हा कुत्र्याचं ‘नाही’ तसंच्या तसं स्वीकारून ते मोठ्याने सांगणं, याला मी धैर्य म्हणतो. वीररस शोधायचाच असेल तर तो इथं आहे.

न्यायालयाने ही बाब फार पूर्वी ओळखली. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली मागावरच्या कुत्र्याच्या पुराव्यावरचे आक्षेप नोंदवले: कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो, आणि माणसाचं जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून राहू नये. अशा पुराव्याला न्यायालयाने फारसं वजन दिलं नाही. मला हा निवाडा कुत्र्याचा अवमान वाटत नाही. कुत्रा तपासाची दिशा दाखवतो, दोषी ठरवण्याचं काम माणसांनी पुराव्यावर करावं, अशी ही योग्य वाटणी आहे. पण यातून हस्तकावरची जबाबदारी वाढते. तो दुभाषा आहे, आणि दुभाष्याने आपल्या पदरचं काही घालायचं नसतं.

शोधाच्या दुसऱ्या प्रकारांत शेवटची खूण ठरवून शिकवलेली असते, म्हणून ती वाचायला सोपी. स्फोटकं शोधणारा कुत्रा वास आला की शांतपणे खाली बसतो. तो पंजाने उकरत नाही, कारण उकरणं जिवावर बेतेल. 2019च्या जूनमध्ये कळंबोलीतल्या सुधागड शाळेजवळ एका हातगाडीवर स्फोटक ठेवलेलं आढळलं होतं. वस्तीत, शाळेच्या दारात असं काही ठेवलं जाऊ शकतं हे कळल्यावर त्या शांत बसण्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मुंबई पोलिसांच्या झंजीर या लॅब्रॅडोरने 1993च्या बॉम्बस्फोटांच्या काळात 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिले. 2000 साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला.

ढिगाऱ्यात जिवंत माणूस शोधणारा कुत्रा मात्र भुंकतो. 2023च्या फेब्रुवारीत तुर्कीतल्या भूकंपानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ज्युली गाझियानतेप प्रांतातल्या एका ढिगाऱ्यात भुंकली. मग दुसरा कुत्रा, रोमिओ, तिथं सोडला. त्यानेही तीच जागा दाखवली, आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत बाहेर आली. एकाचं वाचन दुसऱ्याकडून ताडून घ्यायची ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

ढिगाऱ्यातलं ‘नाही’ मागावरच्या ‘नाही’हून कठीण असतं. 19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. बचावपथकांबरोबर श्वानही होते. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. भिजलेली माती वासाच्या वाटा बुजवून टाकते. खोलवरचा वास वर यायला फट लागते, वेळ लागतो. अशा जागी कुत्रा पुढे निघून गेला, तर त्याचा अर्थ ‘वास माझ्यापर्यंत आलेला नाही’ एवढाच घ्यायचा असतो. ‘इथं कुणी नाही’ हा अर्थ आपण आपल्या मनाने जोडतो. शरीर जे सांगतं त्याच्यापलीकडे एक अक्षरही न वाचणं, ही या वाचनाची सर्वांत कडक शिस्त आहे.

म्हणून माझी एक अपेक्षा पोलिसांकडून आहे आणि काही अपेक्षा आपल्या सगळ्यांकडून. श्वानाने माग दाखवला, एवढ्यावर नोंद थांबू नये. वारा कुठून होता, जमीन कसली होती, माग किती जुना होता, कुत्र्याचं डोकं कुठं वर आलं, किती वेळा तो त्याच जागी परतला, रस्त्याच्या कुठल्या कडेला, हे लिहिलं जावं. त्या ओळींतून पुढचा अधिकारी वाचन पुढे नेऊ शकेल.

आणि आपण? सोसायटीत चोरी झाली तर जिना झाडू नये, अंगण धुऊ नये, चोराने हाताळलेली वस्तू उचलून शेजाऱ्याला दाखवू नये. पथक यायच्या आधी वीस माणसं गॅलरीत फिरून आलेली असतात, आणि मग कुत्र्याला काही सापडलं नाही म्हणून तीच वीस माणसं हळहळतात. कोण कुठं चालून गेलं ते हस्तकाला आधी सांगावं. कुत्र्याला चुचकारू नये, त्याच्या वाटेत उभं राहू नये, मुलांना जवळ घेऊन दूर थांबावं आणि त्या प्राण्याचं डोकं कधी वर येतं ते मुलांनाही बघायला शिकवावं. पथक परत निघालं की ‘काही सापडलं का?’ असं विचारण्याऐवजी ‘कुठं थांबला?’ असं विचारावं. या प्रश्नाचं उत्तर हस्तकापाशी नेमकं असतं, आणि तपास तिथून पुढे जातो.